खालच्या नकाशाचा रंग

आमच्या शाळेच्या उत्तरेकडील भिंतीत एक दगड बसवलेला आहे. १९६२ साली शाळेच्या तीन खोल्या उभ्या राहिल्या, तेव्हा ज्यांनी ज्यांनी रोख रक्कम, ज्वारी, लाकूड किंवा नुसते अंगमेहनतीचे दिवस दिले, त्यांची नावे त्यावर कोरलेली आहेत. निम्मी नावे देवनागरीत आहेत, निम्मी कानडीत. आमचा बीदर जिल्हा १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला, त्याला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. दगड कोरणाऱ्या पाथरवटाने हा भाषिक प्रश्न ज्याने त्याने आपले नाव जसे लिहून दिले तसे कोरून सोडवला. इतिहासाच्या तासाला मी मुलांना या दगडापुढे उभे करतो, आणि गावाची पहिली बखर म्हणून तो त्यांना वाचायला लावतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात शाळेला दोन नव्या खोल्या जोडायचे ठरले. आराखडा तयार झाला, मंजुरी मिळाली, गवंडी आले. त्या दिवशी मी तालुक्याला गेलो होतो. परत आलो तो शिपाई धावत रस्त्यावर आला. मिस्त्रीने पाडायची ती दक्षिणेची भिंत सोडून उत्तरेच्या भिंतीला पहार लावली होती. चार हात भिंत खाली आली होती. दगड वाचला तो केवळ शिपायाने त्याच्यापुढे आडवे उभे राहून आरडाओरडा केला म्हणून.

मी मिस्त्रीवर चिडलो. तो भला माणूस होता. त्याने नकाशाची सुरळी माझ्यापुढे पसरली आणि शांतपणे म्हणाला, "साब, नक्शे में तो तीनों काली हैं. कौनसी रखने की, कौनसी तोडने की, कौनसी नई, मैं कैसा समझूं?"

मी पाहिले. राखायची भिंत, पाडायची भिंत आणि नवी बांधायची भिंत या तिन्ही रेघा सारख्याच काळ्या आणि सारख्याच जाडीच्या होत्या. कुठेही रेघ चुकलेली नव्हती. मोजमापे बरोबर होती. तरी तो कागद खोटे बोलत होता.

ती सुरळी घेऊन मी पुढच्याच रविवारी हैदराबाद गाठले. आमचा एक माजी विद्यार्थी तिथे सिकंदराबादच्या बाजूला एका कचेरीत संगणकावर आराखडे काढतो. त्याने कागद एकदा पाहिला, आराखड्याची फाईल मागवून घेतली, आणि दोन मिनिटांत म्हणाला, "सर, चूक रेषेची नाही, रंगाची आहे. आणि रंगाचीही नाही, खालच्या नकाशाचा रंग कुणी ठरवायचा याची आहे."

हे वाक्य मला चांगलेच लागले. मी इतिहासाचा विद्यार्थी. एका कागदावर दुसऱ्याचा नकाशा खाली घेऊन आपण वर काही काढतो, तेव्हा त्या खालच्या नकाशाचा रंग कोणाच्या हाती असतो, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आला असेल असे मला वाटेना. शोधत गेलो, तो खुद्द हैदराबादेतच त्याचा माग लागत गेला. तोच वाचकांपुढे ठेवतो.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेला पूर हैदराबादच्या आठवणीतून आजही गेलेला नाही. सुमारे पंधरा हजार माणसे त्यात गेल्याचे सांगतात. पुढच्या वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले, आणि त्यांच्या सल्ल्यातून पुढे उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे तलाव झाले. १९१२ मध्ये शहर सुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. परंतु शहर सुधारायचे तर आधी ते कागदावर असले पाहिजे. १९१० नंतरच्या चार-पाच वर्षांत लिओनार्ड मन्न या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली हैदराबादची जी मोजणी झाली, तिचे नकाशे आजही 'मन्नचे नकाशे' म्हणूनच ओळखले जातात. घरे, गल्ल्या, मशिदी, विहिरी इतक्या बारकाईने त्यांत आल्या की आज एखाद्या जुन्या वाड्याचा किंवा बुजलेल्या विहिरीचा शोध घेणारा अभ्यासक प्रथम तिकडेच वळतो.

या नकाशांचे महत्त्व एवढेच नाही. अशा मोजणीचा नकाशा हा दुसऱ्यांनी वापरण्यासाठीच केलेला असतो. रस्ता रुंद करणारा त्यावर आपली रेघ मारणार, गटार काढणारा आपली मारणार, आणि पाण्याचा नळ टाकणारा आपली. खालचा नकाशा एकच, वरची कामे अनेक. ज्याने घरन् घर मोजले, त्याच्या दृष्टीने त्या घराची रेघ हीच मुख्य गोष्ट. ज्याला गटार काढायचे आहे, त्याच्या दृष्टीने ती रेघ नुसती संदर्भाची. एकाच रेघेचे वजन एका कागदावर जड तर दुसऱ्यावर हलके असावे लागते. आमच्या शाळेच्या आराखड्याचा प्रश्न नेमका हाच होता.

आमच्या भागाला या विद्येचा वारसा त्याहूनही जुना आहे. विल्यम लॅम्टनने भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी ज्या आधाररेषा मोजल्या, त्यांतली १८१५ ची एक आपल्या बीदरची. पुढे १८४१ मध्ये ती पुन्हा मोजली गेली. हैदराबाद हे लॅम्टनचे अखेरच्या वर्षांतले ठाणे. तिथून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला, आणि तिथेच त्याची कबर आहे. म्हणजे ज्या मोजणीवर पुढचा सगळा नकाशा रचला गेला, तिचे एक टोक बीदरच्या माळावर आहे.

या मोजणीतून सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीटा निघाल्या. त्यांचा क्रमांक पाहा. ७६ ते ८० पूर्व रेखांश आणि १६ ते २० उत्तर अक्षांश यांच्या चौकटीला ५६ हा आकडा आहे. या एका चौकटीत हैदराबाद आहे, बीदर आहे, कलबुर्गी आहे, नांदेड, लातूर, निजामाबाद, आदिलाबाद, सगळे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी जिल्हे मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात आणि तेलुगू जिल्हे आंध्र प्रदेशात गेले. शीटचा क्रमांक मात्र ५६ चा ५६च राहिला. जमिनीचा नकाशा होता तसाच होता, बदलली ती फक्त त्यावरची सरहद्दीची तुटक रेघ. वरची रेघ बदलते, खालचा नकाशा राहतो, हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवण्याची गरज नाही.

ही शीट रंगीत छापली जाई. पाणी निळे, जंगल हिरवे, पिकाखालची जमीन पिवळी, गावे व रस्ते तांबडे, उंचीच्या रेषा तपकिरी, आणि नावे, लोहमार्ग व सरहद्दी काळ्या. पण छापखान्यात असा एक रंगीत नकाशा कुठेच नसे. प्रत्येक रंगाचा नकाशा वेगळा, त्याची तबकडी वेगळी, आणि गंमत अशी की हे सगळे मूळ नकाशे काळ्या शाईतच काढलेले. निळ्याचा मूळ नकाशाही काळा आणि तपकिरीचाही काळा. यंत्रावर ज्या तबकडीला जी शाई लावाल, तो तिचा रंग. काढणाऱ्याच्या हाताला रेघ माहीत असे. रंग ठरायचा छापताना, आणि तोही आधी लिहून ठेवलेल्या नियमाने.

मग निळी नदी काढणाऱ्याला तांबडा रस्ता कुठे आहे हे कसे कळायचे? त्यासाठी जी युक्ती होती ती मला फार आवडली. संपूर्ण नकाशाची एक अगदी फिकट निळी प्रत कागदावर छापून देत. तिच्यावर नकाशाकाराने आपल्या वाटणीच्या तेवढ्याच रेघा काळ्या शाईने गिरवायच्या. मग त्याचा फोटो घेत. छपाईच्या फिल्मला हा फिकट निळा दिसतच नसे. काळे तेवढे उमटे, निळे गळून जाई. दुसऱ्याचा नकाशा खाली घेतला, त्याच्या आधाराने काम केले, आणि छापताना तो बाजूला झाला. कुणीही तो खोडला नाही, आणि कुणी त्याच्यावर फिरवूनही काढले नाही.

अर्थात रंगाच्या तबकड्या एकमेकींवर बरोबर बसल्या पाहिजेत. त्यासाठी चारी कोपऱ्यांत जुळणीच्या खुणा असत. पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या शीटवर अर्धा मिलिमीटर सरकले, तर जमिनीवर पंचवीस मीटर झाले. नदी निळ्या तबकडीवर आणि सरहद्द काळ्या तबकडीवर. जिथे नदी हीच सरहद्द, तिथे एवढ्या सरकण्याने एखादे शेत कागदावर नदी ओलांडून पलीकडे जाते. हैदराबादला उप्पलमध्ये १९६७ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सर्वेक्षण प्रशिक्षण व नकाशानिर्मितीचे जे केंद्र उभे राहिले, तिथे पिढ्यान् पिढ्या सर्वेक्षक ही शिस्त शिकून गेले. संस्थेचे नाव पुढे बदलत गेले, काम मोठे होत गेले.

हे झाले सरकारी शीटांचे. घरे आणि शाळा बांधणाऱ्यांच्या हाती छापखाना नव्हता. त्यांच्याकडे होता ट्रेसिंग कागद आणि ब्ल्यूप्रिंट. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने लोखंडाच्या क्षारांवर चालणारी ही रीत शोधली. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा. पुढे अमोनियाची प्रिंट आली, तेव्हा पांढऱ्यावर गडद रेघा आल्या. मी नव्वदीच्या सुमारास हैदराबादला एम.ए. करीत असताना कोठीच्या बाजूला अशी दुकाने होती. आत शिरले की अमोनियाने डोळ्यांत पाणी यायचे. दोन्ही रीतींत गोष्ट एकच. प्रिंट एका रंगाची निघे. लाल-पिवळे हवे असेल तर प्रत्येक प्रतीवर हाताने भरायचे.

म्हणूनच १९७० साली प्रथम निघालेल्या आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या परंपरेत नकाशा रंगवण्याचा जो तक्ता आहे, तो वाचण्यासारखा आहे. प्लॉटची हद्द जाड काळी, चालू रस्ता हिरवा, नवे बांधकाम लाल भरलेले, सांडपाण्याची वाहिनी लाल ठिपक्यांची, पाडायचे बांधकाम पिवळ्या रंगात तिरप्या रेघा मारलेले. पण त्या तक्त्यात पांढऱ्या कागदावरचा नकाशा, ब्ल्यूप्रिंट आणि अमोनिया प्रिंट असे वेगवेगळे रकाने आहेत. नकाशा कोणत्या रीतीने छापणार हे कळल्याशिवाय रंग सांगता येत नाही, हे तक्ता करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. आणखी एक शहाणपण त्यात आहे. पाडायच्या भिंतीला नुसता पिवळा रंग देऊन ते थांबले नाहीत, वर तिरप्या रेघा मारायला सांगितल्या. पिवळा उडाला तरी रेघा राहतील. आमच्या आराखड्यात त्या तिरप्या रेघा असत्या, तर मिस्त्रीची पहार योग्य भिंतीला लागली असती.

आता संगणकाकडे येतो. ऑटोकॅड हा आराखडे काढण्याचा कार्यक्रम १९८२ च्या डिसेंबरात बाजारात आला. पडद्यावर रेघा रंगीत दिसू लागल्या. पण त्या काळी कागदावर उतरवणारे यंत्र म्हणजे पेन-प्लॉटर. त्यात सहा किंवा आठ पेने बसवलेली. पडद्यावरचा लाल म्हणजे एक नंबर, पिवळा दोन, हिरवा तीन, आणि प्रत्येक नंबराला एक पेन. बहुतेक कचेऱ्यांत सगळ्या पेनांत शाई काळीच भरलेली असे, फरक टोकाच्या जाडीचा. पाव मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर असा. म्हणजे पडद्यावर लाल रेघ काढणारा वास्तविक 'जाड' असे म्हणत होता आणि हिरवी काढणारा 'बारीक' असे. रंग हा रंग उरला नाही, ती जाडीची सांकेतिक भाषा झाली. आज पेन-प्लॉटर गेले, शाई फवारणारी यंत्रे आली, तरी ही बोली अजून चालूच आहे.

१९९० साली या कार्यक्रमाच्या अकराव्या आवृत्तीत एक सोय आली. दुसऱ्याची फाईल आपल्या आराखड्याखाली बाहेरूनच जोडून घ्यायची. नक्कल करायची नाही, नुसता संदर्भ ठेवायचा. कचेऱ्यांत तिला 'एक्सरेफ' म्हणतात. मोजणीदाराने त्याची फाईल दुरुस्त केली की आपला आराखडा पुन्हा उघडताना दुरुस्ती आपोआप दिसते. ही फिकट निळ्या प्रतीचीच नवी पिढी. हैदराबादला १९९८ मध्ये सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले, त्याच्या मागेपुढे या शहरात दूरदेशीच्या इमारतींचे आराखडे काढणारी माणसे वाढत गेली. भिंती एका कचेरीच्या, खांब दुसऱ्या, नळ तिसऱ्या, आणि सगळे एकमेकांखाली जोडलेले. तेव्हा रंगांचे भांडण रोजचे झाले.

भांडण कसले ते विद्यार्थ्याने मला आमच्याच फाईलवर दाखवले. खालची फाईल मोजणीदाराची. त्याने जुनी भिंत एक नंबराने काढली होती. वरचा आराखडा रचनाकाराचा. त्यानेही नवी भिंत एक नंबरानेच काढली, कारण त्याच्या कचेरीत एक म्हणजे जाड. छापताना कोणत्या नंबराची रेघ कोणत्या शाईने, किती जाड आणि किती गडद छापायची, याचा एक तक्ता यंत्राला द्यावा लागतो. १९९९ मध्ये आलेल्या 'ऑटोकॅड २०००' पासून त्याला प्लॉट स्टाईल टेबल म्हणतात. त्यात २५५ रंगांचे २५५ रकाने. पण एका कागदाला तक्ता एकच लागतो. तो तक्ता हे विचारत नाही की ही एक नंबराची रेघ घरच्याची की पाहुण्याची. एक म्हणजे एक.

मी त्याला म्हणालो, "म्हणजे हे आपल्या 'शिक्षा'सारखे झाले." हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत, कानडीत आणि तेलुगूत शिक्षा म्हणजे दंड. सरकारी हिंदी परिपत्रकात 'शिक्षा विभाग' वाचून आमच्या शाळेतली मुले दरवर्षी हसतात. शब्द दोन्हीकडे शुद्ध, पण एका कागदावर आले की घोटाळा. तो हसून म्हणाला, "अगदी तसेच, सर. दोघांचीही चूक नाही. एकत्र छापणाऱ्याने ठरवायला हवे होते."

त्यात भर अशी की पडद्याने रचनाकाराला फसवले होते. कार्यक्रमाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत बाहेरून जोडलेला नकाशा पडद्यावर आपोआप फिकट दिसतो, म्हणजे काम करणाऱ्याला आपले कोणते आणि परके कोणते ते ओळखू यावे. हा फिकटपणा पडद्यापुरताच असतो. छापताना तो लागू होत नाही. त्याला पडद्यावर जुनी भिंत पुसट आणि नवी ठळक दिसत होती. समाधानाने त्याने छपाईला पाठवले, तेही 'सगळे रंग काळे' असा तयार तक्ता लावून. पाडायच्या भिंतीचा पिवळा, राखायचीचा लाल आणि नव्याचा लाल, सगळे एकाच काळ्यात बुडाले.

दुरुस्ती त्याने माझ्यासमोर केली. ज्यांच्या घरी असे काम निघेल त्यांना उपयोगी पडेल, म्हणून क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, मोजणीदाराच्या मूळ फाईलला त्याने हात लावला नाही. ती दुसऱ्याची आहे, आणि आणखी कुणाच्या आराखड्याखाली ती जोडलेली असू शकते. तिथे रंग बदलला तर इथले साधेल आणि तिथले बिघडेल.

दुसरी, जोडलेल्या फाईलचे थर, ज्यांना लेयर म्हणतात, ते आपल्या आराखड्याच्या यादीत फाईलचे नाव, मग एक उभी रेघ, मग थराचे नाव असे वेगळे दिसतात. त्या उभ्या रेघेमुळे परके थर एका झटक्यात निवडता येतात. त्या सगळ्यांना त्याने आठ नंबराचा करडा रंग दिला. हा नंबर रचनाकाराने स्वतःच्या कामात कुठेही वापरलेला नव्हता. तक्त्यात आठपुढे लिहिले : शाई काळी, जाडी बारीक, गडदपणा पन्नास टक्के. जुनी शाळा कागदावर मागे सरकली. पुसली मात्र गेली नाही.

तिसरी, हे बदल टिकवून धरणारी एक खूण कार्यक्रमात आहे. ती चालू असेल तर आपल्याकडचे रंग आपल्याकडे राहतात. बंद असेल तर खालची फाईल नव्याने आली की तिचे मूळ रंग परत येतात. कित्येकांचे काल बरोबर छापलेले काम आज बिघडते ते एवढ्यामुळे.

चौथी, मोजणीदाराच्या काही रेघा इतके करूनही करड्या होईनात. कारण त्या रेघांना त्याने थराचा रंग न देता स्वतःचा वेगळा रंग चिकटवला होता. अशी रेघ थराचे ऐकत नाही. कोट्यवधी छटांतून निवडलेला रंग असेल, तर ती तक्त्याचेही ऐकत नाही, कारण तक्त्याचे रकाने २५५ नंबरांचेच. त्यासाठी मोजणीदारालाच फोन करून विनंती करावी लागली. माणूस चांगला होता, संध्याकाळपर्यंत त्याने फाईल दुरुस्त करून पाठवली.

पाचवी, पाडायच्या भिंतीचा थर करड्यातून बाहेर काढून त्याला त्याने स्वतंत्र नंबर दिला. तक्त्यात तो पिवळा छापला जाईल असे केले, आणि वरच्या आराखड्यात त्यावर तिरप्या रेघा मारल्या. मग रंगीत छापून तो कागद लगेच साध्या झेरॉक्सवर टाकला. मी विचारले, हे कशाला? म्हणाला, "सर, गवंड्याच्या हाती तुमची रंगीत प्रत थोडीच जाणार आहे? चौकातली झेरॉक्सच जाणार." झेरॉक्समध्ये पिवळा उडाला, तिरप्या रेघा राहिल्या. करडा थोडा तुटला, तेव्हा त्याने गडदपणा पन्नासावरून साठ केला आणि पुन्हा पाहिले.

शेवटी कोपऱ्यात छोटी चौकट करून कोणती रेघ म्हणजे काय ते लिहिले. मी म्हणालो, मराठीत लिही. तो म्हणाला, मिस्त्रीला? मग आम्ही ते मराठी, कानडी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत लिहिले. उर्दू त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या मित्राने लिहून दिली.

बीदरकडे परतताना बसमध्ये ती सुरळी मांडीवर होती. विचार करता करता एक लक्षात आले. मन्नचा नकाशा असो, उप्पलची तबकडी असो की आजची जोडलेली फाईल असो, ज्यांनी हे काम नीट केले त्यांनी एकच गोष्ट सांभाळली. खालचा नकाशा ज्याचा त्याचा असू दिला, आणि आपल्या कागदावर त्याला कोणते स्थान द्यायचे ते आधी लिहून ठरवले. जिथे ठरवले नाही, तिथे दोनच गोष्टी झाल्या. खालचे इतके काळे झाले की नव्या-जुन्यातला भेद कळेना, नाहीतर इतके फिकट झाले की जुने होते हेच कळेना. पहिल्या चुकीत आमची चार हात भिंत गेली. दुसऱ्या चुकीत काय जाते, ते हैदराबादच्या बुजलेल्या विहिरींना आणि नाल्यांना ठाऊक. ज्या नव्या आराखड्यात जुना ओढा उमटलाच नाही, तिथे पावसाळ्यात पाणी आपली जुनी जागा स्वतःच दाखवून देते.

आम्ही सीमाभागातली माणसे रोज असेच जगतो. घरची भाषा एक, कचेरीची दुसरी, बाजाराची तिसरी. कोणती कुठे ठळक आणि कुठे करडी, हे आपल्या आई-बापांनी फार तंटा न करता ठरवले होते. म्हणून तर त्या दगडावर दोन लिप्या शेजारी शेजारी बसल्या.

भिंत आम्ही पुन्हा बांधून घेतली. पडलेले तेच दगड वापरले. नवा चुना जिथे लागला तिथली जागा थोडी उजळ दिसते. ती रंगवून टाकू का, असे मिस्त्रीने विचारले होते. मी नको म्हणालो. पुढच्या वर्षी इतिहासाच्या तासाला मुलांना तो पांढरा पट्टाही दाखवायचा आहे, आणि शाळेच्या कपाटात जपून ठेवलेले दोन नकाशेही. एकात तिन्ही भिंती काळ्या आहेत. दुसऱ्यात जुनी करडी, नवी लाल आणि पाडायची पिवळी, तिरप्या रेघांची.

दोन्ही कागदांवरच्या रेघा अगदी एकच आहेत. मुलांनी फरक शोधायचा आहे.